आठवं विधान

अकराव्या स्लाइडवरचा आकडा मी मुद्दाम बारीक टायपात टाकला होता. बाकी स्लाइड ठसठशीत, रंगीत तक्त्यासकट, आणि हा आकडा खाली कोपऱ्यात, औषधाच्या पाकिटावर एक्स्पायरी छापतात तसा. माझ्या पीएच.डी.चं काम तपासायला बाहेरून आलेल्या सरांनी चष्मा कपाळावर चढवला, खुर्ची पडद्याकडे ओढली आणि म्हणाले, "हा अल्फा जरा मोठ्यानं वाचा."

मी वाचला. पॉइंट सातच्या आत तर होताच, पॉइंट सहाच्याही आत होता. प्रश्नावलीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा क्रॉनबॅकचा अल्फा १९५१ पासून मानसशास्त्रात चालत आलाय आणि ०.७०च्या खाली आला की आमच्यात सुतक पडल्यासारखं वातावरण होतं. मे महिना, दुपारचे तीन, बाहेर चव्वेचाळीस अंश, आत कुलर नुसताच घरघरत होता. माझ्या गाइड मॅडम खाली वहीत बघत होत्या. समितीतले दुसरे एक सर तेवढ्यात फोन घ्यायला बाहेर गेले, त्यांचे मी मनातल्या मनात आभार मानले. एक साक्षीदार कमी.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. एम.ए. होऊन नऊ वर्षं उलटल्यावर, धाकटी पहिलीत गेल्यावर, पीएच.डी.ला नाव घातलं. विषय असा: बचत गटात असलेल्या आणि नसलेल्या विवाहित स्त्रियांचा आत्मसन्मान आणि त्यांना जाणवणारा सामाजिक आधार, अमळनेर आणि पारोळा तालुक्यांपुरता. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, तो फार सुटसुटीत दिसत होता. दोन गट, दोन प्रश्नावल्या, एक टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायला), एक सहसंबंध. दोन वर्षांत उरकेल असं मी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं.

आम्हाला विद्यापीठ अनुदान आयोगाची ७ नोव्हेंबर २०२२ची नियमावली लागू. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं, मुदत किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा (बायकांना वर दोन वर्षांची सवलत मिळू शकते, ती घ्यायची नाही असं मी ठरवलं होतं, आता बघू). आणि दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे उभं राहून काम कुठवर आलं ते सांगायचं. या समितीला सगळे आरएसी म्हणतात आणि त्या उभं राहण्याला प्रोग्रेस सेमिनार. पेट (प्रवेश परीक्षा), मुलाखत, कोर्सवर्क यांवर लिहिण्यासारखं फार नाही. ते जिन्यासारखं असतं, चढलो की विसरलो. सेमिनार मात्र विसरता येत नाहीत.

आमच्याकडे त्यांची दोन रूपं आहेत. एक हे कागदावरचं, सहा महिन्यांनी येणारं. दुसरं कुठल्याच नियमात नाही, ते मॅडमनी चालवलंय. दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी आम्ही सहा विद्यार्थी विभागात जमतो आणि एकानं एक शोधनिबंध मांडायचा. वीस मिनिटं मांडणी, मग जेवढा वेळ लागेल तेवढे प्रश्न. मॅडमचा एक नियम मला सुरुवातीला अगदी विचित्र वाटला होता. मांडणी सुरू करण्याआधी फळ्यावर एक ओळ लिहायची: लेखकांचं म्हणणं खोटं ठरायला काय घडायला हवं होतं? ही ओळ लिहिता आली नाही तर खाली बसायचं आणि पुढच्या वेळी तोच पेपर पुन्हा वाचून यायचं. दोघांना असं बसवलंय. त्यातली एक मी. आणि दुसरा नियम, पेपरचं कौतुक चहा पिताना करायचं, वर्गात नाही.

माझ्या पहिल्या पाळीला मी १९९८चा बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांचा पेपर घेतला होता. त्यातला मुळ्याचा प्रयोग मी बारावीच्या वर्गात कित्येक वर्षं सांगत आले होते, म्हणून म्हटलं हा सोपा जाईल. खोलीत ताज्या कुकीजचा वास, टेबलावर कुकीज-चॉकलेटं आणि मुळे. काहींनी फक्त मुळेच खायचे, गोडाला हात लावायचा नाही. त्यानंतर सगळ्यांना न सुटणारी कोडी द्यायची. गोड खाल्लेले साधारण एकोणीस मिनिटं झटत राहिले, मुळा खाल्लेल्यांनी आठेक मिनिटांत हात टेकले. मनोनिग्रह म्हणजे पाण्याच्या टाकीसारखा, एकीकडे उपसला की दुसरीकडे कमी पडतो, असा निष्कर्ष. आमच्या मुलांना तो लगेच पटायचा. मुळा खायला लावल्यावर कोण अभ्यास करेल, असं एक जण म्हणालाही होता.

मी रंगून सांगितलं. संपल्यावर नंदुरबारहून येणारा, आमच्यात वयानं सगळ्यात लहान असलेला एक मुलगा हळूच म्हणाला, "ताई, २०१६चं बघितलं का?" मी बघितलं नव्हतं. २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून, दोन हजारांवर लोकांना घेऊन, आधी सगळी पद्धत जाहीर करून हीच कल्पना तपासली आणि परिणाम जवळजवळ शून्य निघाला. हे त्यानं सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पेपर नव्हताच, बारावीच्या आठ-नऊ तुकड्या होत्या. त्यांना आता कुठे गाठून सांगणार?

मला वाटलं मॅडम मलाच झोडपणार. त्यांनी त्या मुलाला धरलं. "म्हणजे मुळ्याचा प्रयोग खोटा ठरला?" तो म्हणाला, हो. "२३ ठिकाणी मुळे खायला दिले होते?" नव्हते दिले. तिथे संगणकावर शब्दांतली अक्षरं हेरायचं काम होतं. मग नेमकं काय ढासळलं, कल्पना, की तिला मोजायची ती एक रीत, की दोन्ही? या वादात दीड तास गेला. पुढचे दोन्ही शनिवार २०१५च्या त्या मोठ्या प्रकल्पात गेले, ज्यात मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत निकाल सांख्यिकीच्या भाषेत लक्षणीय, म्हणजे योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा होता, पुन्हा केल्यावर तसा तो फक्त ३६ टक्क्यांत आला. ज्या विषयावर आपण पगार घेतो त्यातलं पक्कं किती आणि पोकळ किती हे माहीत नसताना आपण शिकवत होतो, ही बोच त्या शनिवारी लागली, ती अजून आहे. बारावीला आता मी मुळा सांगते, आणि २३ प्रयोगशाळाही सांगते. मुलं वैतागतात. "मॅडम, पेपरात काय लिहायचं ते सांगा ना."

अमळनेरात प्रताप शेठजींनी १९१६ साली काढलेलं तत्त्वज्ञान मंदिर आहे. साने गुरुजी शाळामास्तर होण्याआधी तिथे विद्यार्थी होते, कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य तिथे संचालक म्हणून राहून गेले. माणसांनी एकत्र बसून, चहाखेरीज कुठल्याही लाभाशिवाय एखाद्या शब्दावर दोन दोन तास भांडावं, हे आमच्या भागाला नवं नाही एवढंच म्हणायचंय. मधल्या काळात सवय मोडली.

कशी मोडली तेही सांगते. मधल्या वर्षात मी एका दोन दिवसांच्या राष्ट्रीय चर्चासत्राला गेले होते. नाव आणि गाव नको. २०१६च्या नियमावलीत प्रबंध देण्याआधी परिषदांत दोन निबंध वाचणं सक्तीचं होतं. २०२२नं ती सक्ती काढली, पण प्रमाणपत्राची भूक गेली नाही. नोंदणी भरली. उद्घाटन दीड तास लांबलं, शाल-श्रीफळं झाली, मग एका हॉलमध्ये चाळीसेक निबंध. माझा नंबर आला तेव्हा सूत्रसंचालक म्हणाल्या, "ताई, तीन मिनिटं हं, जेवण गार होतंय." मी शीर्षक, उद्दिष्टं आणि निष्कर्ष वाचला. प्रश्न कोणीही विचारला नाही. भरीत मात्र उत्तम होतं, कळण्याच्या भाकरीबरोबर. प्रमाणपत्रावर माझं आडनाव चुकलं होतं, ते तसंच फाइलीत आहे.

तर शनिवार. एकदा आमच्यातल्या एकीनं जर्मनीतल्या ट्रिअर गावच्या प्रयोगाचा पेपर आणला. १९९३ साली किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी माणसाला प्रयोगशाळेत खात्रीनं ताण कसा द्यायचा याची एक पद्धत बसवली. तयारीला थोडा वेळ द्यायचा, मग अनोळखी परीक्षकांपुढे उभं करून बोलायला लावायचं, आणि लगेच १०२२ मधून तेरा तेरा वजा करत जायला सांगायचं. १००९, ९९६, ९८३... चुकलं की पुन्हा १०२२ पासून. लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दुपटी-चौपटीनं वाढलं. परीक्षकांना एकच सूचना, चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही. हसायचं नाही, मान डोलवायची नाही. हे वाक्य तिनं वाचलं आणि खोलीत एकदम शांतता झाली. मग सगळेच हसायला लागले. आमच्या सगळ्यांच्या पहिल्या आरएसीत फक्त ते १०२२ तेवढं नव्हतं.

माझ्या पहिल्या आरएसीत त्याच्याऐवजी ३०० होतं. "नमुना ३०० का?" असं विचारल्यावर मी खरं तेच बोलून गेले, "सर, सगळे ३०० घेतात." वाक्य तोंडातून निघालं आणि कळलं की हे आपल्या मागे लागणार. बाहेरून आलेल्या सरांनी रागावण्याऐवजी खडू दिला. दोन गटांत मध्यम आकाराचा फरक असेल आणि तो सापडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल तर दर गटात ६४ बायका पुरतात. फरक लहान असेल तर दर गटात ३९४ लागतात. "तुमच्या ३०० म्हणजे दीडशे-दीडशे. पहिल्या हिशेबाला जास्त, दुसऱ्याला कमी. तुम्हाला कुठला फरक अपेक्षित आहे, आणि का?" माझ्याकडे ‘का’ नव्हतं. पुढचे चार महिने त्या ‘का’मध्ये गेले. घरी मी सांगितलं की सेमिनार चांगला झाला. खोटंही नव्हतं ते.

आता पुन्हा त्या मे महिन्यात, अकराव्या स्लाइडपाशी.

आत्मसन्मानासाठी मी रोझेनबर्गची मापनश्रेणी घेतली होती. १९६५ची, दहा विधानं, पाच होकारार्थी, पाच नकारार्थी, आणि चार पर्याय: पूर्ण सहमत, सहमत, असहमत, पूर्ण असहमत. नकारार्थी विधानांचे गुण उलटे मोजायचे. मराठी भाषांतर मी शास्त्रानुसार केलं होतं. म्हणजे आधी इंग्रजीतून मराठी, मग मूळ प्रश्नावली कधी न पाहिलेल्या माणसाकडून ते मराठी परत इंग्रजीत, आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून ताडून पाहायचं. ब्रिसलिननं १९७०मध्ये सांगितलेली रीत, सगळे हीच वापरतात. आमच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या मॅडमनी परत केलेलं भाषांतर मूळ इंग्रजीशी इतकं जुळलं की मी ते दोन्ही तक्ते नवव्या स्लाइडवर मिरवले होते.

आणि तरी पहिल्या चाळीस बायकांवरचा अल्फा पडला होता. सर म्हणाले, "विधानवार बघितलंत?" बघितलं होतं. बाराव्या स्लाइडवर होतं, तीही बारीक टायपात. आठवं विधान बाकीच्या नवांच्या बेरजेशी उलट्या दिशेनं जात होतं. ऋण. म्हणजे बाकी नऊ विधानांत ज्या बायका स्वतःला चांगलं म्हणत होत्या, त्याच आठव्यात स्वतःला कमी लेखत होत्या, असं दिसत होतं.

आठवं विधान माझ्या मराठीत असं होतं: "मला स्वतःबद्दल अधिक आदर असावा असे वाटते." याला होकार दिला की आत्मसन्मान कमी, असं गणित. कारण अधिक असावा म्हणजे आत्ता पुरेसा नाही.

"या बायकांनी याला ‘पूर्ण सहमत’ का म्हटलं हे त्यांना विचारलंत?"

"नाही सर."

"मग कुणाला विचारणार? सॉफ्टवेअरला?"

मॅडम अजून वहीतच बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या हे मला नंतर कळलं. समितीचा शेरा एका ओळीचा आला: विधान क्र. ८ बाबत क्षेत्रीय पडताळणी करून पुढील सत्रात सादर करावे. घरी येताना जळगाव-सुरत मार्गावरच्या पॅसेंजरमध्ये जागा मिळाली नाही, दाराजवळ उभी होते. धरणगाव जाईपर्यंत रडू आवरलं, पुढे नाही आवरलं. चाळीस बायकांच्या घरी मी जून ते फेब्रुवारी हिंडले होते. ते सगळं वाया, असंच वाटलं.

आठवड्यानं पारोळा तालुक्यातल्या एका गावात सकाळी सहाला पोहोचले. उन्हाळ्यात तिथल्या बचत गटाच्या बायका पहाटेपासून बिबडे (ज्वारीचे पापड) करतात, ऊन चढायच्या आत काम उरकायचं म्हणून. एका धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, खाटा मांडलेल्या, त्यांच्यावर जुनी लुगडी अंथरलेली, मोठ्या पातेल्यात ज्वारीचं शिजवलेलं गरम पीठ, आणि पाच-सहा जणी ओल्या फडक्यावर थापताहेत. सगळ्यांचे हात मनगटापर्यंत पिठाचे. म्हणजे कागद, पेन, टिक यांतलं काहीच जमणार नव्हतं. मी आयुष्यात केलेलं सगळ्यात उपयोगी काम त्या पिठामुळे झालं. मी विधान वाचायचं आणि त्यांनी ते त्यांच्या भाषेत मला परत सांगायचं, एवढंच ठरवलं.

पहिलाच धक्का पर्यायांवर बसला. गटाच्या अध्यक्ष असलेल्या मावशी म्हणाल्या, "सहमत म्हंजे सही करनी का?" दोन जणी माना हलवत होत्या, त्यांनाही तसंच वाटलं होतं. बचत गटात बायका सतत सह्या करतात. ठरावावर, पासबुकावर, कर्जाच्या कागदावर. मॅडम आल्या, कागद वाचला, सहमत आहात का विचारलं, म्हणजे सही मागताहेत आणि नाही म्हणून कसं चालेल? मागच्या वर्षी याच मावशींचे मी दहाच्या दहा ‘सहमत’ भरून नेले होते. तेव्हा वाटलं होतं, किती सहकार्य करतात.

पाचवं विधान: अभिमान वाटावा असं माझ्यात फारसं काही नाही. दोघी एकदम म्हणाल्या, "नही." मी विचारलं, नाही म्हणजे? नाही, तसं नाही, अभिमानासारखं आहे? की नाही, खरंच काही नाही? त्यातली एक विचारात पडली, हातातला बिबडा तसाच. दुसरी म्हणाली, "गर्व नही कराना मानुसनी." म्हणजे तिच्या लेखी प्रश्न आत्मसन्मानाचा नव्हताच, वागणुकीचा होता. अभिमान आणि गर्व यांच्यात पुस्तकात जी भिंत आहे ती त्या धाब्यावर नव्हती. आणि नकारार्थी वाक्याला दिलेलं ‘नाही’ हे मराठीत काय, अहिराणीत काय, दोन्हीकडे झुकू शकतं, हे मी जन्मापासून ऐकत आले असूनही प्रश्नावली करताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग आठवं. मी वाचलं: मला स्वतःबद्दल अधिक आदर असावा असे वाटते. अध्यक्ष मावशींनी थापता थापता वर न बघता सांगितलं, "मान कोनले नको वाटस वं माय?"

झालं. एवढंच होतं ते. ‘असावा असे वाटते’ हे त्यांनी कमतरतेची कबुली म्हणून ऐकलंच नव्हतं. मान असावा, आणखी असावा, हे चांगल्या बाईचं लक्षण. जी स्वतःला जास्त मानते ती हे जास्त जोरात म्हणणार. आकडा उलटा गेला यात नवल काय? शेजारची एक, नवीनच लग्न होऊन आलेली, हळू आवाजात म्हणाली, "माले काही जमस नही, मंग मान कसाले मांगू?" ती बाकीच्या विधानांतही खालीच होती, आणि आठव्याला तिनं ‘असहमत’ म्हटलं होतं. माझ्या गणितानुसार त्या एका विधानापुरता तिचा आत्मसन्मान मावशींपेक्षा वरचा ठरला होता.

मी तिथेच खाटेच्या कडेवर बसून फोनमध्ये सगळं बोलून ठेवलं. मागे कोंबडा आणि पिठावरून चाललेलं भांडण, दोन्ही त्या रेकॉर्डिंगमध्ये आहेत. चिनी भाषेतल्या भाषांतरातही हेच आठवं विधान अनेक संशोधकांना नडलेलं आहे, हे मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर? तर बहुधा मी एक संदर्भ देऊन, विधान गाळून, मोकळी झाले असते आणि धाब्यावर चढलेच नसते.

पण मला खरं छळलं ते परतीच्या भाषांतरानं. ते इतकं नेमकं जुळलं कसं? शनिवारी मी हा प्रश्न मांडला. पेपर नव्हता, फक्त दोन तक्ते आणि मावशींचं वाक्य. मॅडमच्या नियमाप्रमाणे फळ्यावर आधी लिहिलं: ‘माझं भाषांतर चुकीचं आहे हे या पद्धतीनं कधी कळलं असतं?’ त्या प्रश्नावर सगळे अडकले. नंदुरबारचा तोच मुलगा उठला. त्याच्या घरी भिलोरी बोलतात, मराठी तो शाळेत शिकला. म्हणाला, "ताई, भाषांतर तुम्ही केलं, उलट भाषांतर इंग्रजीच्या मॅडमनी केलं. दोघींना मराठीच्या खालचं इंग्रजी दिसतं. ज्यांना विचारायचं त्यांना ते दिसत नाही." आमच्या गल्लीत खिडकीच्या काचेवर एक चिमणी येऊन रोज चोच मारते. त्या काचेसारखं होतं ते, आम्हाला आरपार दिसत होतं म्हणून काच आहे हेच विसरलो होतो. मी मुकाट्यानं खाली बसले. त्या दिवशी चहाच्या वेळी मॅडमनी त्याचं कौतुक केलं, नियमाप्रमाणे.

पुढच्या सहा महिन्यांत आम्ही तीन गावांत मिळून अठ्ठावीस बायकांशी असंच विधान-विधान बोललो. पर्यायांच्या जागी चार पेले आले, रिकामा, थोडा भरलेला, अर्ध्याच्या वर आणि काठोकाठ. "ही गोष्ट तुमच्यात किती?" आठव्या विधानाचं पाच-सहा वेळा रूपांतर झालं. शेवटी टिकलेलं बऱ्याच अंशी मावशींचंच आहे: "मी स्वतःले कमी समजस, तसं नको व्हतं." हे मूळ विधानाचं भाषांतर आहे का, यावर मॅडमचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांच्या मते हे नवं विधान आहे आणि त्याला रोझेनबर्गचं नाव लावणं बरोबर नाही. माझ्या मते जे मोजायचं होतं ते आत्ता कुठे मोजलं जातंय. दोघींचंही म्हणणं प्रबंधात जाणार.

तिसऱ्या आरएसीला मी आकडे मोठ्या टायपात टाकले. जुना अल्फा, आठवं गाळून आलेला, नव्या रूपातला, तिन्ही शेजारी शेजारी. रेकॉर्डिंगमधला मावशींचा एक तुकडा ऐकवला, कोंबड्यासकट. समितीतले एक सर म्हणाले की हा सगळा भाग परिशिष्टात टाका, मुख्य विषय बचत गट आहे, भाषा नव्हे. ते वावगं नव्हतं. सिनॉप्सिसमध्ये जे मंजूर झालंय त्याच्याशी प्रबंध जुळावा लागतो आणि उशीर झाला तर त्याचा जाब मला द्यावा लागेल, त्यांना नाही. बाहेरून आलेल्या सरांनी चष्मा काढून पुसला. "परिशिष्ट कोणी वाचत नाही," म्हणाले. "प्रकरण करा. आणि मागच्या वर्षीच्या चाळीस जणींचं काय करणार आहात?"

हा प्रश्न माझ्या तयारीत नव्हता. त्या चाळीस मुलाखती मुख्य नमुन्यात धरता येणार नाहीत हे मला कळत होतं, ते मी मोठ्यानं म्हटलं नव्हतं एवढंच. म्हटलं, "गाळणार, सर." गळा दाटला, पण वाक्य पुरं झालं. "गाळू नका," ते म्हणाले, "त्यांच्याकडे परत जा. त्यांनी वेळ दिलाय तुम्हाला. काय झालं ते त्यांना सांगा, आणि जमलं तर पुन्हा विचारा."

म्हणून या हिवाळ्यात कापूस वेचणी आटोपल्यावर मी त्याच घरांकडे पुन्हा निघाले. चाळीसपैकी एकतीस भेटल्या. दोघी सुरतेला कामाला गेल्यात, एक वारली, बाकीच्यांची वेळ जुळली नाही. प्रत्येकीला मी सांगितलं की मागच्या खेपेला आमचा कागद चुकला होता, म्हणून पुन्हा आले. बहुतेक जणींना मागचा कागद आठवतच नव्हता, चहा आठवत होता. अध्यक्ष मावशींनी मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. पेले बघून हसल्या, काठोकाठ भरलेला उचलून थोडं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या,

"म्हंजे आमनं उत्तर चुकनं नही ना?"

"नाही मावशी. माझा प्रश्न चुकला होता."

"मंग ठीक शे. आते इचार."